उष्णतेची वाट

खेळांसाठी बांधलेल्या काही संगणकांत दोन ग्राफिक्स कार्डे एकाखाली एक बसविलेली असतात. प्रत्येक कार्ड २५० वॅट वीज घेते असे धरले, तर दोन्ही मिळून ५०० वॅट होतात. ही जवळजवळ सर्व वीज अखेरीस उष्णतारूपाने बाहेर पडते. म्हणजे त्या पेटीत लहानशी शेगडीच पेटलेली असते.

उष्णता नाहीशी करता येत नाही. ती दुसरीकडे वाहून न्यावी लागते. पंखा हवा थंड करीत नाही, केवळ हलवितो. आपल्या भोपाळात मे महिन्यात खोलीचा पारा ४० अंशांवर असेल, तर कितीही पंखे लावले तरी कार्ड त्याखाली उतरणार नाही. त्यातही वरच्या कार्डाच्या वाट्याला खालच्याने तापविलेली हवा येते. ताप मर्यादेबाहेर गेला की कार्ड स्वसंरक्षणार्थ वेग कमी करते, आणि दुसऱ्या कार्डावरील खर्च व्यर्थ जातो.

यास्तव दोन कार्डांत अंतर ठेवावे. गार हवा समोरून आत यावी, उष्ण हवा मागून व वरून बाहेर जावी. पेटी भिंतीला टेकवू नये, जाळीवरील धूळ वेळोवेळी झाडावी. कूलरचा दमट झोत मात्र पेटीवर सोडू नये.

पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली उभारलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकात उष्णता वाहून नेण्यासाठी द्रवाची योजना आहे. साधन निराळे, परंतु नियम तोच.