द्राक्षापासून वाइन : जर्मनीची घराणी, नाशिकचा अनुभव आणि आपण



तोडीच्या आधी शेतकी खात्याचा माणूस फडात येतो, रसाचे दोन थेंब काचेवर टाकतो आणि "ब्रिक्स अमुक आला" असे सांगतो. हा शब्द आपल्या तोंडात इतका बसला आहे की तो एका माणसाचे नाव आहे हे ध्यानात येत नाही. आडोल्फ ब्रिक्स हा एकोणिसाव्या शतकातला जर्मन अभियंता. त्याच काळात त्याच देशातल्या एक्सले नावाच्या कारागिराने द्राक्षरसाची गोडी तोलण्याचे माप रूढ केले. तिकडचा बागाईतदार आजही आपला रस 'एक्सले'च्या अंशांत मोजतो. म्हणजे उसाचा आणि वाइनचा धंदा आपण समजतो तितके परके नाहीत.

आरंभीच एक गोष्ट सांगून टाकतो. हा लेख पिण्याची शिफारस नव्हे. जानेवारी 2022 मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला, तेव्हा आपल्याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला होता. पिणे न पिणे हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. आम्हाला बोलायचे आहे ते पिकवणाऱ्याच्या पदरात काय पडते याविषयी.

वाइन कशी होते ?

आसवनीत मळी आंबवून मग तिचे ऊर्ध्वपातन करतात. वाइनमध्ये ऊर्ध्वपातन नाही, नुसते आंबवणे आहे. द्राक्षे चिरडायची, रस काढायचा आणि यीस्टच्या हवाली करायचा. यीस्ट साखर खाते व अल्कोहोल देते. साधारण हिशेब असा, की लिटरमागे 17 ग्रॅम साखर गेली की एक टक्का अल्कोहोल येते. 22 ब्रिक्सच्या रसातून बारा-तेरा टक्क्यांची वाइन होते ती अशी. पांढऱ्या वाइनला नुसता रस थंड ठेवून आंबवतात. तांबड्या वाइनला सालीसकट आंबवतात, कारण रंग सालीत असतो.

जर्मनीची रीत

जर्मनी थंड मुलूख. तिथे द्राक्षात साखर भरणे हीच अडचण. म्हणून नदीकाठच्या उभ्या, उन्हाकडे तोंड केलेल्या उतारांवर बागा लावतात. मोझेल नदीच्या खोऱ्यात जमिनीत पाटीचा दगड आहे. तो दिवसा तापतो व रात्री वेलीला ऊब देतो. तिथले मुख्य वाण रिझलिंग. 1971 च्या कायद्याने वरच्या दर्जाच्या वाइनची प्रत तोडणीच्या वेळी रसात किती साखर होती यावर ठरू लागली. आपली एफआरपी जशी उताऱ्याशी बांधलेली, तसेच हे.

तिथे घराणी आहेत. सार नदीकाठच्या विल्टिंगन गावचे म्युलर घराणे 1797 पासून एकाच टेकडीवर बाग राखून आहे. थोरल्या मुलाचे नाव पिढ्यान्‌पिढ्या 'एगोन' ठेवतात. बाग त्यांची, तळघर त्यांचे, बाटलीवर नावही त्यांचेच. माल पिकवण्यापासून विकण्यापर्यंतची साखळी एका घरात राहते.

पण प्रत्येकाला हे कसे झेपावे ? दोन-तीन एकरवाल्याकडे ना तळघर, ना भांडवल. व्यापारी सांगेल तो भाव घ्यायचा. अशा लहान बागाईतदारांनी 1868 साली आर नदीच्या खोऱ्यात मायशॉस या गावी एकत्र येऊन सहकारी वाइनघर काढले. तेथून जवळच, ऱ्हाइनकाठी, रायफायझन यांनी त्याच दशकात शेतकऱ्यांच्या पतपेढ्या उभारल्या होत्या. 1904 चा आपला सहकारी पतसंस्थांचा कायदा करताना त्यांचाच नमुना समोर होता, आणि त्याच वाटेने पुढे 1950 साली प्रवरेचा कारखाना उभा राहिला. मायशॉसची संस्था आजही चालू आहे. जुलै 2021 च्या महापुरात त्या खोऱ्याची मोठी हानी झाली, तरी ती पुन्हा उभी राहिली.

नाशिक-नारायणगावचा धडा

आपल्याकडे अडचण उलटी. उन्हाने साखर लवकर भरते, पण आंबटपणा उतरतो आणि वाइन बेचव होते. म्हणून थंडी आहे तोवर, जानेवारी ते मार्च, काढणी उरकतात. वेल इथे झोपत नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरल्यावर गोडी छाटणी, असे दोनदा छाटून एक पीक घेतात.

आळेफाट्यापलीकडे नारायणगावला शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्राने फेसाळ वाइन काढली. 'ओमर खय्याम' नावाने ती 1980 च्या दशकात युरोपातही गेली. पुढे नाशिकला राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून कुटुंबाच्या जमिनीवर आले आणि 2000 साली 'सुला'ची पहिली वाइन निघाली. 2001 मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणून करात सवलत दिली. मग वाइनरी भराभर उभ्या राहिल्या. शेतकऱ्यांनी कर्ज काढून वाइनची द्राक्षे लावली.

2008 नंतर मंदी आली. मुंबईच्या हल्ल्यानंतर हॉटेले रिकामी पडली. वाइन खपेना, तशी द्राक्षे उचलली जाईनात. नारायणगावची कंपनी अडचणीत येऊन पुढे बंद पडली. आणि खरी मेख इथेच आहे. वाइनचे द्राक्ष बारीक, बियांचे, पातळ गराचे. ते टोपलीत घालून बाजारात विकता येत नाही, बेदाण्यालाही चालत नाही. एकच गिऱ्हाईक, तेही फिरले तर वेलीवरचे सोने माती होते. नाशिक भागात त्या वर्षांत कित्येकांनी बागांवर कुऱ्हाड चालवली.

धंदा मात्र संपला नाही. 'सुला' डिसेंबर 2022 मध्ये शेअर बाजारात आली. त्याआधी 2021 मध्ये तिने गंगापूर धरणाजवळची, गुरनानी कुटुंबाने उभारलेली 'यॉर्क' वाइनरी घेतली. म्हणजे घराणी मोठ्या कंपनीत मिसळू लागली.

आपण काय घ्यावे ?

उसाचेही तसेच आहे. तोडलेला ऊस घरी ठेवता येत नाही, तासातासाने उतारा घसरतो, आणि तो गाळणारा चरक एकच. फरक इतकाच, की आपला चरक आपल्या मालकीचा आहे. पावसाळ्यात सर्वसाधारण सभेला जाऊन ताळेबंद वाचणे कंटाळवाणे वाटते खरे, पण नाशिकच्या बागाईतदाराला प्रश्न विचारायला सभाच नव्हती.

जो सभासद फळबागेचा किंवा कराराच्या शेतीचा विचार करीत असेल, त्याने लागणीआधी तीन प्रश्न कागदावर उतरवावेत. माल न उचलल्यास भरपाई कोण देणार ? भाव कोणत्या मापावर ठरणार, आणि मोजताना आपण हजर असणार का ? त्या एका गिऱ्हाइकाशिवाय हा माल दुसरीकडे विकता येतो का ? तिन्हींची उत्तरे लेखी मिळाली तर खुशाल खड्डे घ्या. नुसते तोंडी आश्वासन असेल तर घाई करू नका. एक हंगाम थांबल्याने रान कुठे पळून जात नाही.