ऐकू न येणारा स्वर : वायरलेस संचातील एक पडद्यामागची रचना

यात्रेच्या बंदोबस्तावरील पोलीस, बांधकामावरील सुपरवायझर, रुग्णवाहिकेचा चालक यांच्या हातातील वॉकीटॉकी आपण सर्वांनीच पाहिली आहे. उपलब्ध वारंवारता मोजक्या आणि त्या वापरू इच्छिणारे गट अनेक, ही या क्षेत्राची जुनी अडचण होय. एकाच वारंवारतेवर तीन गट बोलू लागले, तर प्रत्येकाला उरलेल्या दोघांचे बोलणे दिवसभर ऐकावे लागते. यावर जो उपाय निघाला, त्याची ओळख येथे करून द्यावयाची आहे.

वायरलेस संच मानवी आवाजाचा साधारण ३०० ते ३००० हर्ट्झ एवढाच पट्टा वाहून नेतो. तेवढ्यात बोलणे स्पष्ट कळते. ३०० हर्ट्झच्या खालची जागा मोकळीच राहते. बोलण्याचे बटन दाबलेले असेपर्यंत प्रेषक या मोकळ्या जागेत एक मंद, अखंड स्वर मिसळत राहतो. ग्राहक संच आपल्या गटाचा स्वर ओळखला, तरच स्पीकर उघडतो. ६७.० पासून २५४.१ हर्ट्झपर्यंतचे हे स्वर ठरलेले आहेत, ८८.५, ९१.५, ९४.८ अशा क्रमाने ते एकमेकांपासून सुमारे साडेतीन टक्क्यांच्या अंतरावर असतात. त्यांना ‘श्राव्यतेखालचे’ म्हणण्याची रूढी असली, तरी ते नाव खरे नव्हे. पुरुष गायकाचा मंद्र षड्ज याच परिसरात येतो. कानाला हे स्वर सहज ऐकू येतील. ग्राहकातील फिल्टर ते स्पीकरपर्यंत पोहोचू देत नाही, एवढेच.

हा स्वर निर्माण कसा होतो? प्रारंभीच्या संचांत धातूची एक पातळ पत्ती विद्युतचुंबकाच्या साहाय्याने तिच्या नैसर्गिक गतीने कंप पावे. हार्मोनियमची पत्ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे लगेच उमगेल. स्वर बदलावयाचा तर पत्तीच बदलावी लागे. आज मायक्रोप्रोसेसर स्मृतीतील कोष्टकावरून स्वराची लहर पायरीपायरीने रचतो आणि फिल्टर त्या पायऱ्या गुळगुळीत करतो. आपल्याकडे विजेचा पुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे वीजयंत्रणेची घरघर नेमकी १०० हर्ट्झवर उमटते, म्हणून १००.० हा स्वर निवडताना आपण दोनदा विचार करावा.

स्वर निर्माण करणे सोपे, तो वाहक लहरीवर चढविणे कठीण. जुने अनेक प्रेषक लहरीची कला बदलून मॉड्युलेशन साधत. या पद्धतीत वारंवारतेचे विचलन म्हणजे कलाबदल गुणिले स्वराची वारंवारता. ३००० हर्ट्झच्या आवाजाने ३००० हर्ट्झ विचलन मिळविण्यास एक रेडियन पुरतो. पण ६७ हर्ट्झच्या स्वराने केवळ ५०० हर्ट्झ विचलन हवे असले, तरी सात रेडियनहून अधिक कलाबदल लागतो. साध्या मंडलाला तो झेपत नाही. नव्या सिंथेसायझरची अडचण निराळी आहे. वारंवारता ढळू न देणे हेच त्याचे काम. त्यामुळे सावकाश होणारा बदल त्याला चूक वाटतो आणि तो इमानाने पुसून टाकतो! म्हणून स्वर दोन ठिकाणी द्यावा लागतो, मुख्य दोलकाला आणि संदर्भ-दोलकालाही. मग पुसण्यासारखी तफावतच उरत नाही.

स्वराऐवजी अंकी संकेत वापरण्याची पद्धत नंतर आली. तीत २३ बिटांचा एक शब्द सेकंदाला १३४.४ बिट या गतीने पुन्हापुन्हा पाठविला जातो. एका शब्दाला सुमारे १७१ मिलिसेकंद लागतात. त्यातील नऊ बिट संकेताचे तीन अंक सांगतात, तीन बिट ठरलेले असतात आणि उरलेले अकरा तपासणीचे. ही रचना मार्सेल गोले यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या संकेतावर आधारलेली असून तीन बिटांपर्यंतची चूक तीत दुरुस्त होऊ शकते. मात्र शब्दाला आरंभखूण नसल्याने फिरवून वाचल्यास एक संकेत दुसऱ्यासारखा दिसतो; त्यामुळे ५१२ शक्यतांपैकी शंभराच्या आसपासच वापरात आहेत.

मोटोरोला कंपनीने या सोयीला ‘प्रायव्हेट लाइन’ असे नाव दिले होते. इतिहासाच्या अभ्यासकाला नावांविषयी शंका घेण्याची सवय असते, आणि ती येथे उपयोगी पडते. या स्वरामुळे आपले बोलणे मुळीच गुप्त राहत नाही. ज्याने आपल्या संचातील ही सोय बंद केली आहे, त्याला सारे ऐकू येते. याहून गंभीर गोष्ट अशी, की आपला स्पीकर शांत आहे म्हणजे वाट मोकळी आहे, असा समज होतो. त्याच क्षणी त्याच वारंवारतेवर दुसऱ्या गटातील कोणी जखमीसाठी मदत मागत असेल आणि आपण बटन दाबले, तर त्याची हाक आपल्या लहरीखाली दडपली जाऊ शकते. आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणूनच हातातील अनेक संचांना ‘मॉनिटर’चे बटन असते, आणि वाहनांतील बऱ्याच संचांत माइक खुंटीवरून उचलताच स्वराची अट आपोआप उठते व त्या वारंवारतेवरील सर्वांचे बोलणे ऐकू येऊ लागते.