ओळखीचे तारण

रायपूरच्या जयस्तंभ चौकातून मालवीय रोडने जुन्या शहराकडे निघाले की गोल बाजार लागतो. नावाप्रमाणेच गोलाकार मांडणीची ही जुनी पेठ. पूजासाहित्य, बांगड्या, मसाले, जडीबुटी, भांडी, लग्नकार्याला लागणारे झाडून सारे सामान येथे एका फेरीत मिळते. पक्क्या दुकानांच्या पुढ्यात, जिथे हातभर जागा सापडेल तिथे, टोपलीत किंवा पोत्यावर माल मांडून बसलेल्या स्त्रिया दिसतात. या मांडणीला छत्तीसगढीत ‘पसरा’ म्हणतात; आपल्या पथारीचा तो जवळचा नातलग. पसऱ्यावरचा माल सणांप्रमाणे बदलतो. पोळ्याच्या सुमारास मातीचे बैल आणि मुलींच्या खेळातली जाती-चुली येतात, दिवाळी जवळ आली की पणत्या.

या स्त्रीला पत नाही असे कोण म्हणेल? घाऊक व्यापारी तिला सकाळी माल देतो आणि पैसे संध्याकाळी घेतो. तिला तासभर उठावे लागले तर शेजारीण दोन्ही पसरे सांभाळते आणि गल्ल्यातले पैसे मोजून परत करते. या व्यवहाराला कागद नसतो. हीच स्त्री शाखेत आली की मात्र आम्ही बँकेतली माणसे तिला कागदच मागतो. घराचा उतारा सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या नावावर, दुकानाचा परवाना नाही, आयकराचे विवरणपत्र नाही. बाजारात चोख ठरलेली बाई आमच्या टेबलापाशी येईपर्यंत अनोळखी होते. स्त्रियांच्या उद्योगाला आपसांतले संबंध कशासाठी लागतात, या प्रश्नाचे पहिले उत्तर येथे आहे: ज्या स्त्रीकडे गहाण ठेवण्याजोगे काही नसते, तिला ओळखणाऱ्या माणसांची साक्ष हेच तिचे तारण असते.

छत्तीसगढला ही गोष्ट बँका येण्याच्या फार आधीपासून ठाऊक आहे. येथे मैत्री जुळते तशीच ती विधिपूर्वक ‘बदली’ही जाते. श्रावणात टोपलीत गहू पेरून त्याचे पिवळसर अंकुर वाढवतात. त्यांना भोजली म्हणतात. राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी भोजलीचे विसर्जन होते आणि त्या वेळी दोन मैत्रिणी ते अंकुर एकमेकींच्या कानांवर खोचतात. त्या दिवसापासून त्या एकमेकींना नावाने हाक मारीत नाहीत, ‘भोजली’ म्हणतात. जगन्नाथाचा प्रसाद देऊन जुळलेले ‘महाप्रसाद’, गंगेच्या पाण्यावर जुळलेले ‘गंगाजल’ अशी नातीही आहेत. हे नाते जन्मभराचे, आणि त्यात दोन्ही घरे सुखदुःखाला बांधली जातात. विशेष म्हणजे ते जातीच्या आणि कुळाच्या बाहेरही जोडता येते. सासर-माहेरापलीकडे स्वतः निवडलेले माणूस असणे, ही धंदा करणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही.

मराठी वाचकांना याचे व्यवहारी भावंड चांगलेच परिचित आहे, ते म्हणजे भिशी. समजा, बारा जणींनी दरमहा हजार रुपये काढले. दर महिन्याला बारा हजारांचा गठ्ठा एकीच्या हाती पडतो. पहिल्या महिन्यात उचलणारीला ते बिनव्याजी कर्ज आहे, शेवटची असेल तिची ती बचत आहे, आणि मधल्या दहा जणींचे थोडे हे, थोडे ते. पहिल्या महिन्यात उचल घेऊन पुढचे अकरा हप्ते न चुकता भरणाऱ्या बाईने आपली पत सिद्ध केली नाही तर आणखी काय केले? दुर्दैव इतकेच की ही सिद्धता कुठे नोंदलेली नसते. बारा जणींच्या आठवणीत ती राहते आणि तिथेच थांबते.

ही आठवण बँकेला वाचता येईल अशा रूपात प्रथम आणली, त्यांत मुंबईच्या गिरणगावातल्या खाणावळवाल्यांचे नाव आदराने घ्यावे लागेल. घरी माणसे ‘जेवायला ठेवून’ गिरणी कामगारांना पोटभर वाढणाऱ्या या बायका. कामगाराचा पगार महिन्याने, वाण्याचे बिल मात्र रोजचे. मधली फट सावकाराच्या पैशाने भरायची. गोवा मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्या आणि कामगार चळवळीत वाढलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर बँकांनी दुर्बल घटकांकडे वळावे अशी अपेक्षा होती, आणि १९७२ पासून ४ टक्के दराची विभेदक व्याजदर योजनाही होती. योजना होती, ग्राहकही होते. मधला पूल नव्हता. तो या बायकांनी घातला. एकाच चाळीतल्या, एकमेकींच्या चुलीवरचे भांडे ओळखणाऱ्या शेजारणींचे गट झाले आणि त्या एकमेकींना जामीन राहिल्या. कोणती बाई पैसा बुडवणार नाही, हे कोणत्याही शाखाधिकाऱ्यापेक्षा तिच्या शेजारणीला अधिक कळते, यावर ती सारी रचना उभी होती.

पण याच इतिहासात एक धडा दडलेला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि अनेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्याच नाहीत. खाणावळवालीचे गिऱ्हाईक गेले. तिच्या शेजारणीचेही गेले. हमी देणारी आणि हमी घेणारी एकाच दिवशी अडचणीत आली. त्यांच्यातला विश्वास तसूभरही कमी झाला नव्हता. सगळ्यांचे पोट एकाच दारावर अवलंबून होते, एवढेच. अन्नपूर्णेने पुढे कार्यालयांना आणि समारंभांना अन्न पुरवण्याकडे मोर्चा वळवला, तो नवे गिऱ्हाईक शोधण्यासाठीच.

गोल बाजारात हीच अडचण लहान प्रमाणावर दर वर्षी दिसू शकते. पणत्या विकणाऱ्या दहा जणींनी गट केला, तर दहाही जणींना पैसा दिवाळीआधी एकाच पंधरवड्यात लागेल आणि माघात दहाही जणींचे हात रिकामे असतील. गटात एक बांगड्यांची, एक मसाल्याची, एक पूजासाहित्याची, एक बांबूच्या सुपांची अशी सरमिसळ असेल, तर एकीची मंदी दुसरीची तेजी असते आणि गटातला पैसा फिरता राहतो. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एका गाजलेल्या निबंधात दाखवले की नवी बातमी, नवी संधी बहुधा जिवलगांकडून येत नाही. ती तोंडओळखीच्या माणसांकडून येते, कारण जिवलगांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊकच असते. जामीन राहायला भोजली हवी हे खरे, पण नवे गिऱ्हाईक आणायला दूरची ओळखच उपयोगी पडते.

रायपुरात ही दूरची ओळख करून घेण्याची सोय आयती आहे. भोसल्यांच्या अमलापासून येथे मराठी घरे आहेत. तात्यापारा ही त्यांची जुनी वस्ती. घरगुती मसाले किंवा दिवाळीचा फराळ विकणारी एखादी मराठी गृहिणी वेलची, खसखस घ्यायला गोल बाजारातच येते. माल घेऊन ती निघून जाते. मसाल्याच्या पसरेवालीला तिच्या फराळाची वार्ता नसते, आणि हिलाही ठाऊक नसते की लग्नाची खरेदी करणारी निम्मी कुटुंबे त्याच बाईला ‘घरगुती अनारसे कुठे मिळतील’ म्हणून विचारू शकतील. हळदीकुंकवाच्या वाणाची खरेदी जिच्याकडून झाली, तिलाच त्या हळदीकुंकवाला बोलावले तर काय बिघडेल? (वाण देण्यासाठी प्लॅस्टिकच्या डब्यांखेरीज दुसरे काही सुचत नाही, त्यांनी याचा अवश्य विचार करावा.)

छत्तीसगढमध्ये अशा एकत्र येण्याला आकार कसा आला, हे पाहायचे तर रायपूरच्या पश्चिमेला असलेल्या राजनांदगाव जिल्ह्यात जावे लागते. तेथील फुलबासनबाई यादव यांनी २००१ साली गावातल्या मोजक्या बायकांना घेऊन आठवड्याला दोन मुठी तांदूळ आणि दोन रुपये जमवायला सुरुवात केली. भाताच्या प्रदेशात तांदळाची मूठ हीच सर्वांत सोपी बचत. तिला नवऱ्याची परवानगी लागत नाही. सुरुवातीचा विरोध ओसरला, गटांतून गट निघाले, माँ बम्लेश्वरीच्या नावाने त्यांची संघटना उभी राहिली, आणि २०१२ साली फुलबासनबाईंना पद्मश्री मिळाली.

बचतगटांना बँकांशी जोडण्याचा नाबार्डचा प्रायोगिक कार्यक्रम १९९२ साली ५०० गटांपासून सुरू झाला होता. गट दहा ते वीस जणींचा. नियमित बैठक, नियमित बचत, आपसांत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब ही त्याची पाच सूत्रे. यातले पाचवे सूत्र सर्वांत कंटाळवाणे आणि माझ्या मते सर्वांत मोलाचे. भिशीत जे आठवणीत राहते ते येथे वहीत उतरते, आणि वही बँकेला वाचता येते.

गटाचे गोडवे गाताना एक सावधगिरी हवी. शेजारणीची हमी म्हणजे शेजारणीचा धाकही असतो. आंध्र प्रदेशात सूक्ष्म वित्तसंस्थांच्या वसुलीचा तगादा इतका वाढला, की ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारला अध्यादेश काढून तो आवरावा लागला. एकाच बाईवर अनेक संस्थांची कर्जे चढवायची आणि वसुलीसाठी तिच्याच मैत्रिणींना तिच्या दारात बसवायचे, हा प्रकार ओळखीचे तारण मोडून खाण्याचा होता. आजारपणात एखादीचा हप्ता चुकला तर गट काय करणार, हे कर्ज घेण्यापूर्वीच इतिवृत्तात लिहून ठेवावे. गटाच्या निधीतून दोन हप्ते भरायचे, मग ते तिने सवडीने फेडायचे, असा साधा ठरावही मैत्री वाचवतो.

आमच्या शाखांतील सहकाऱ्यांना एक सुचवावेसे वाटते. पसरेवाल्यांच्या गटाचा अर्ज आला की वहीबरोबर त्यांचे वर्षही मांडून घ्यावे: बारा महिन्यांच्या बारा रकान्यांत कोणाचा माल कधी भरतो आणि कधी विकतो ते लिहावे. परतफेडीचे हप्ते त्यावरून ठरवावेत. पणत्यांचे भांडवल धनत्रयोदशीला हाती येऊन उपयोग नाही. कुंभाराला विसार त्याच्या कितीतरी आधी द्यावा लागतो. तेव्हा भगिनींनी अर्ज श्रावणातच, भोजली पेरण्याच्या सुमारास शाखेत आणून द्यावा, आणि आम्ही तो पोळ्याच्या आत हातावेगळा करावा.