मामांना काय हवं होतं?

मामा गिरणी कामगार, लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर. फुप्फुसाचा कॅन्सर कळला तेव्हाच हाडांत पसरला होता. आता कुणाच्या घरी असंच कळलं की लोक मला विचारायला येतात. त्यांना सांगते ते असं.

१. दुखणं, दम असले त्रास कमी करणाऱ्या पॅलिएटिव्ह सेवेच्या ओपीडीत केमो थांबल्यावर जायचं नसतं, केमोबरोबरच जायचं. अमेरिकेत २०१० साली फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवरचा अभ्यास आला. सुरुवातीपासून ही सेवा मिळालेल्यांचे दिवस बरे गेलेच, वर आयुष्यही साधारण ११.६ महिने मिळालं, बाकीच्यांना ८.९.

२. ‘त्यांना सांगू नका हं!’ अहो, टाटा रुग्णालय परळला १९४१ पासून आहे. लालबागच्या माणसाला तिथं नेल्यावर आणखी काय सांगायचं उरतं? मामा गप्प राहायचे ते आमच्यासाठी.

३. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला ठेवून मामांनाच विचारलं, ‘तुम्हाला कशाची काळजी वाटते?’ आम्हाला वाटलं, किती दिवस उरले ते विचारतील. मामा म्हणाले, ‘खोलीची भाडेपावती बायकोच्या नावावर व्हायला हवी. त्यासाठी मला जिना उतरता आला पाहिजे.’ मग सगळे उपचार त्या जिन्याभोवती फिरले. कंबरेच्या हाडाला दुखणं कमी करायला एकदाच रेडिएशनचा शेक दिला, केमो आठवडाभर पुढे ढकलली, शेजाऱ्यांनी प्रत्येक मजल्यावर खुर्ची ठेवली. मामा स्वतःच्या पायांनी उतरले, सह्या केल्या आणि वर येताना तिन्ही खुर्च्यांवर बसून प्रत्येकाची खबरबात घेतली.

४. मॉर्फिनला घाबरू नका. मामी म्हणायची, सवय लागेल. दुखण्याच्या मापाने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलं तर ती भीती फार थोडी. कालनिर्णयच्या मागे आम्ही वेळा लिहिल्या होत्या: ६, १०, २, ६, १०. रात्रीची मात्रा दुप्पट लिहून दिलेली, म्हणजे मध्यरात्री उठवायला नको. दुखायला लागायची वाट बघायची नाही. पोट साफ होण्याचं औषध मात्र पहिल्या गोळीपासूनच मागून घ्या. बद्धकोष्ठाने माणूस दुखण्याइतकाच हैराण होतो.

५. उपचारासाठी बाहेरगावहून येत असाल तर राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती, दोन्हीकडे लगेच चौकशी करा.

६. आयसीयू हवं की नको, हे माणूस बोलतोय तोवर विचारा आणि फाईलमध्ये लिहून घ्या. अशी इच्छा आधीच लिहून ठेवण्याला, म्हणजे लिव्हिंग विलला, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली. २०२३ पासून नोटरीपुढेही करता येतं. मामांना घरीच राहायचं होतं. रात्री दम लागला तर काय करायचं, हे नर्सबाईंनी आधीच शिकवून ठेवलं होतं: पाठीशी उशा लावून उठवून बसवायचं, टेबलफॅन थेट चेहऱ्यावर सोडायचा, लिहून दिलेली गोळी द्यायची आणि मग फोन करायचा.