मोटार-शिक्षणात नेमक्या शब्दांचे मोल

पालघर जिल्ह्यातील केळवे हे समुद्रकाठचे गाव. सुरूची बने, पानवेलींच्या वाड्या आणि शीतलादेवीचे मंदिर यांमुळे सुटीच्या दिवशी येथे पर्यटकांची वर्दळ असते. वाड्यांमधील अरुंद रस्त्यांवर पाहुण्यांच्या मोटारी, रिक्षा, सायकली आणि पादचारी एकत्र येतात. अशा रस्त्यावर नवशिक्या चालकाची सुरक्षितता शेजारी बसलेल्या शिक्षकाच्या शब्दांवरही अवलंबून असते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये शिक्षकाने वाहन आवरता किंवा थांबविता येईल अशा जागी बसणे आवश्यक आहे. प्रशिक्षण विद्यालयाच्या मोटारीस दुहेरी नियंत्रणाची सोय असावी लागते. खासगी मोटारीसाठी किमान २१ दिवसांचे प्रशिक्षण आणि त्यात प्रत्यक्ष चालविण्याचे किमान १० तास विहित आहेत. हे तास सत्कारणी लागायचे, तर सूचना नेमकी हवी. ताशी ३० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला सुमारे ८ मीटर पुढे जाते. अर्थ लावण्यात दोन सेकंद गेले, की १६ मीटर रस्ता मागे पडतो.

संदिग्ध सूचना

‘डावीकडे वळू का?’ या प्रश्नाला ‘राइट’ असे उत्तर मिळाले, तर ते ‘बरोबर’ की ‘उजवीकडे’? ‘जाऊ दे’ म्हणजे आपली मोटार पुढे न्यावी, की समोरच्या वाहनास वाट द्यावी? ‘सोड’ म्हटल्यावर क्लच सोडावा की ब्रेक? घरी वाडवळी, मांगेली वा वारली बोलणारे, तसेच बोईसर-तारापूरच्या कारखान्यांसाठी परप्रांतांतून आलेले शिकाऊ यांच्याबाबत ही अडचण अधिकच वाढते.

काय करावे?

१. मोटार सुरू करण्यापूर्वीच शब्द ठरवून घ्यावेत. ‘उजवीकडे’ व ‘डावीकडे’ हे दिशेसाठी, ‘बरोबर’ हा केवळ होकारासाठी आणि ‘थांबा’ हा तत्काळ थांबण्यासाठीच असावा.

२. सूचना वेळेआधी द्यावी. प्रथम ठिकाण, मग दिशा, शेवटी कृती : ‘पुढच्या देवळापाशी, डावीकडे, वेग कमी करून वळा.’

३. चुकीची चर्चा मोटार कडेला उभी करून करावी. चालत्या मोटारीत रागावल्यास शिकाऊ गोंधळतो आणि न समजताही ‘हो’ म्हणू लागतो.

४. शिकाऊ व्यक्तीनेही ‘समजले नाही’ असे निःसंकोच सांगावे.

शाळांतील शिक्षकांनी आणि पंचायत सदस्यांनी हा विषय ग्रामसभेत व रस्ता सुरक्षा कार्यक्रमांत मांडल्यास, चालक होऊ इच्छिणारे तरुण पहिल्याच दिवशी शिक्षकाला विचारू शकतील : ‘तुमचे शब्द कोणते?’