उमेदवारीची वर्षे

भारतीय वाचकाला 'हॉकी' म्हटले की हिरवळीवरील खेळ आठवतो. आइस हॉकी हा त्याचा दूरचा भाऊबंद होय. आपल्याकडे लडाखमध्ये हिवाळ्यात गोठलेल्या तलावांवर तो खेळला जातो. परंतु व्यवसाय म्हणून त्याची खरी वाढ झाली ती कॅनडा, अमेरिका आणि उत्तर युरोपातील काही देशांत. सुमारे ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद अशा बर्फाच्या पृष्ठभागावर प्रत्येक संघाचे पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक पायांत धारदार पात्यांचे बूट चढवून रबराच्या चकतीमागे धावतात. या चकतीला 'पक' म्हणतात. वेग इतका असतो की एका खेळाडूला सलग पाऊण मिनिटाहून अधिक काळ मैदानात ठेवणे इष्ट मानले जात नाही. त्याने बाहेर यावयाचे, दुसऱ्याने आत जावयाचे, असा क्रम सामनाभर अखंड चालतो.

या खेळातील सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा म्हणजे उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीग. तिच्यात ३२ संघ आहेत. नवोदित खेळाडूंची निवड करण्याची जी वार्षिक पद्धत आहे तिला 'ड्राफ्ट' म्हणतात. तिचा आरंभ १९६३ साली झाला. आज एका वर्षी सात फेऱ्यांत सव्वादोनशेच्या आसपास तरुण निवडले जातात आणि त्यांतील बहुतेकांचे वय अवघे अठरा वर्षांचे असते. दुर्बल संघाला आधी निवड करू द्यावी, हे या पद्धतीमागील सर्वसाधारण तत्त्व होय. त्यामुळे सर्वांत अधिक आशा ज्याच्यावर असते असा तरुण बहुधा सर्वांत अडचणीत सापडलेल्या संघाकडे जातो. प्रस्तुत प्रकरणातील प्रश्नाचे मूळ याच विसंगतीत आहे. ज्या संघाला उद्याची वाट पाहणे परवडत नाही, त्याच्याच हाती ज्याला उद्याची गरज आहे असा मुलगा सोपवला जातो.

शिडी आणि तिच्या पायऱ्या

निवड झाली म्हणजे खेळाडू घडला असे नव्हे. निवडीनंतर त्याच्यापुढे साधारणपणे तीन वाटा असतात. पहिली वाट थेट मुख्य संघाची. दुसरी, कॅनडातील कनिष्ठ लीगमध्ये अथवा अमेरिकेतील महाविद्यालयात परत जाण्याची. तिसरी वाट अमेरिकन हॉकी लीगची. १९३६ सालापासून चालत आलेली ही दुय्यम व्यावसायिक लीग असून प्रत्येक मोठ्या संघाचा एक संलग्न संघ तिच्यात खेळतो. मुख्य संघाच्या दृष्टीने ही उमेदवारीची जागा होय. येथे प्रौढ खेळाडूंशी गाठ पडते, सामने पुष्कळ मिळतात आणि चूक झाली तरी ती हजारो डोळ्यांसमोर होत नाही.

मात्र या वाटा सर्वांना सारख्याच खुल्या नसतात. कॅनडातील कनिष्ठ लीगमधून निवडलेल्या तरुणाला वयाची विशी गाठेपर्यंत दुय्यम व्यावसायिक लीगमध्ये पाठविता येत नसे. एक तर मुख्य संघ, नाही तर पुन्हा मुलांचा खेळ, असा तो पेच होता. एकोणिसाव्या वर्षी ज्याला मुलांत खेळणे फारच सोपे आणि प्रौढांत खेळणे फारच अवघड वाटते, अशा खेळाडूची त्यामुळे कुचंबणा होई. या नियमात काही शिथिलता आणण्याचे २०२५ साली झालेल्या करारात ठरले. दुसरा एक नियमही लक्षात ठेवण्याजोगा आहे. अठरा-एकोणीस वर्षांचा खेळाडू मुख्य लीगमध्ये दहापेक्षा कमी सामने खेळला, तर त्याच्या पहिल्या कराराचे ते वर्ष खर्ची पडत नाही, ते पुढे ढकलले जाते. म्हणून अनेक संघ अशा मुलाला नऊ सामने खेळवून पाहतात आणि मग निर्णय घेतात. मुलाच्या दृष्टीने या नऊ सामन्यांत साऱ्या आयुष्याची परीक्षा सामावलेली असते. संघाच्या दृष्टीने ती हिशेबातील एक सोय असते.

अपयश दिसते ते कशाचे?

तरुण खेळाडू अडखळतो तेव्हा त्याची कारणे बहुधा चार ठिकाणी आढळतात. पहिले कारण शरीर. अठराव्या वर्षी स्नायू पुरते भरलेले नसतात आणि तिशीतल्या पुरुषांच्या धडका सोसाव्या लागतात. दुसरे वेग. पक मिळाल्यावर विचार करण्यास जो अवधी कनिष्ठ लीगमध्ये मिळत होता, तो येथे मिळत नाही. तिसरे कारण भूमिका. जो आजवर संघाचा आधारस्तंभ होता त्याला एकाएकी चौथ्या फळीत बसविले जाते, सामन्यात सात-आठ मिनिटे खेळविले जाते आणि गोल करण्याऐवजी गोल होऊ न देण्याचे काम सांगितले जाते. चौथे कारण मन. खेळविले जात नाही म्हणून आत्मविश्वास खचतो आणि आत्मविश्वास खचला म्हणून खेळविले जात नाही, असे हे दुष्टचक्र आहे.

निवड करणाऱ्यांची दृष्टीही नेहमी निर्दोष असते असे नाही. कॅनडात मुलांचे वयोगट १ जानेवारी या तारखेवरून पाडले जातात. तेथील उच्च स्तरावरील खेळाडूंत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचे प्रमाण अवाजवी मोठे असते, ही गोष्ट रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिली. जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरात जन्मलेल्याहून जवळजवळ एका वर्षाने मोठा असतो. बालपणी हे अंतर फार मोठे ठरते. ज्याला आपण गुणवत्ता म्हणतो तिच्यात वयाचा वाटा किती, हे ओळखणे म्हणूनच अवघड असते.

एकाच संघातील दोन नवोदित

१९९७ च्या निवडीत बॉस्टन ब्रुइन्स या संघाला पहिला आणि आठवा असे दोन क्रमांक मिळाले होते. पहिल्या क्रमांकावर त्यांनी कॅनडाचा जो थॉर्नटन आणि आठव्यावर रशियाचा सर्गेई सॅमसोनोव यांना निवडले. दोघेही त्याच मोसमात मुख्य संघात आले. मोसमाअखेरीस सॅमसोनोवने २२ गोल आणि ४७ गुण मिळवून सर्वोत्कृष्ट नवोदिताचा मान पटकावला. (या खेळात गोल करणाऱ्यास आणि त्याला साहाय्य करणाऱ्यास प्रत्येकी एक गुण मिळतो.) थॉर्नटनला ५५ सामन्यांत केवळ ३ गोल आणि ७ गुण मिळाले. संघाने फसवणूक करून घेतली, असेच कोणालाही वाटले असते.

परंतु दोघांचा प्रारंभबिंदू एक नव्हता. सॅमसोनोव आदल्याच वर्षी अमेरिकेत एका व्यावसायिक संघातून प्रौढांविरुद्ध खेळला होता. थॉर्नटन कनिष्ठ लीगमधून थेट आला होता आणि मोसमापूर्वीच त्याच्या हाताचे हाड मोडले होते. प्रशिक्षक पॅट बर्न्स यांनी त्याला जपून, थोडा थोडा वेळ खेळविले. त्यानंतरच्या मोसमांत त्याचे गुण अनुक्रमे ४१, ६०, ७१, ६८ आणि १०१ असे झाले. पुढे २००५-०६ मध्ये, मोसमाच्या मध्यावर सॅन होजे येथील संघाकडे गेल्यावर, तो लीगमधील सर्वाधिक गुणांचा मानकरी आणि सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. निवृत्त होईपर्यंत त्याने १,७१४ सामने खेळून १,५३९ गुण मिळविले. सॅमसोनोवची कारकीर्द ८८८ सामने आणि ५७१ गुणांची झाली. तीही कमी प्रतीची म्हणता येणार नाही. परंतु पहिल्या वर्षाच्या कोष्टकावरून जो निष्कर्ष निघाला असता, तो नेमका उलटा ठरला असता.

टेज थॉम्प्सनची गोष्ट

थॉर्नटनच्या बाबतीत निदान पहिल्या क्रमांकाचे वलय तरी होते. ज्याच्याजवळ तेही नाही अशा खेळाडूचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. टेज थॉम्प्सन या अमेरिकन खेळाडूला सेंट लुईस ब्लूज या संघाने २०१६ साली पहिल्या फेरीत, २६ व्या क्रमांकावर निवडले. उंची सुमारे १९८ सेंटिमीटर, पकवर प्रभुत्व आणि फटक्यात विलक्षण जोर, अशी त्याची लक्षणे होती. २०१७-१८ मध्ये ४१ सामन्यांत त्याला ३ गोल करता आले. १ जुलै २०१८ रोजी संघाने त्याला इतर काही खेळाडूंसह बफेलो सेबर्सकडे पाठविले आणि मोबदल्यात रायन ओ'रायली हा अनुभवी खेळाडू घेतला.

पुढच्या वर्षी जे घडले ते तरुणाच्या मनावर ओझे टाकणारे होते. २०१९ साली सेंट लुईसने आपल्या इतिहासातील पहिला स्टॅन्ली चषक जिंकला आणि अंतिम फेऱ्यांतील सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून ओ'रायलीचा गौरव झाला. त्याच मोसमात बफेलोत थॉम्प्सनने ६५ सामने खेळून ७ गोल आणि १२ गुण मिळविले होते. या व्यवहाराचा उल्लेख निघाला की तुलना अटळ होती. २०१९-२० चा आरंभ त्याने दुय्यम लीगमध्ये रॉचेस्टर येथे केला. नोव्हेंबरात मुख्य संघाकडून बोलावणे आले आणि पहिल्याच सामन्यात खांद्याला दुखापत झाली. शस्त्रक्रिया करावी लागली आणि मोसम संपला. २०२०-२१ मध्ये ३८ सामन्यांत ८ गोल झाले. त्या मोसमात संघ ओळीने अठरा सामने हरला आणि प्रशिक्षक राल्फ क्रूगर यांना मार्च २०२१ मध्ये दूर करण्यात आले. थॉम्प्सनची एकूण शिदोरी आता १४५ सामने आणि १८ गोल एवढीच होती. चोविशीला टेकलेल्या खेळाडूच्या बाबतीत अशा आकड्यांवरून बहुधा अंतिम निकाल दिला जातो.

क्रूगर यांच्या जागी आलेले डॉन ग्रानाटो हे थॉम्प्सनला नवे नव्हते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विकास कार्यक्रमात त्यांनी त्याला किशोरवयात शिकविले होते. २०२१-२२ च्या आरंभी त्यांनी त्याला बाजूच्या जागेवरून हलवून मध्यवर्ती आक्रमकाच्या, म्हणजे 'सेंटर'च्या जागी आणले. या बदलाचे मर्म समजून घेण्यासारखे आहे. बाजूचा खेळाडू पुष्कळदा मैदानाच्या कडेला, कठड्याजवळ, जवळजवळ उभ्या स्थितीत पक स्वीकारतो. तेथे उंच देहाला हालचाल करण्यास जागा कमी असते. मध्यवर्ती खेळाडू मैदानाच्या मधून वेग घेत येतो. पक त्याच्याकडे अधिक वेळा येतो आणि दोन्ही बाजूंना वाट मोकळी असते. लांब हात आणि लांब पावले येथे अडचण न ठरता भांडवल ठरतात. खेळाडू तोच होता, त्याचे कौशल्यही तेच होते. त्या कौशल्याला साजेशी जागा मात्र आता मिळाली.

फळ तात्काळ दिसले. त्या मोसमात ७८ सामन्यांत ३८ गोल आणि ६८ गुण झाले. ऑगस्ट २०२२ मध्ये संघाने त्याच्याशी सात वर्षांचा, पाच कोटी डॉलरचा करार केला. तो करण्यामागे एकाच चांगल्या मोसमाचा आधार होता. पुढच्या मोसमात ४७ गोल आणि ९४ गुण मिळवून त्याने तो सार्थ केला. ७ डिसेंबर २०२२ रोजी कोलंबसविरुद्ध त्याने एकट्याने पाच गोल केले आणि त्यांपैकी चार पहिल्याच सत्रात केले. मे २०२५ मध्ये जागतिक विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात स्वित्झर्लंडविरुद्ध अतिरिक्त वेळेत झालेला एकमेव गोलही त्याचाच होता.

योजना आणि योगायोग

या कथेवरून 'धीर धरा, फळ मिळेल' असा सोपा बोध काढणे चुकीचे होईल. थॉम्प्सनला मध्यवर्ती जागा मिळाली, त्यामागे योगायोगाचाही भाग होता. संघाचा प्रमुख सेंटर जॅक आयकेल मानेच्या दुखापतीमुळे बाहेर होता आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तो दुसऱ्या संघाकडे गेला. सॅम राइनहार्ट त्याआधीच गेला होता. संघ जिंकण्याच्या स्थितीत असता, तर असा प्रयोग करण्याचे धाडस कदाचित कोणी केले नसते. त्याचप्रमाणे, एक खेळाडू घडला म्हणजे संघ घडला असेही नव्हे. थॉम्प्सनच्या सर्वोत्तम मोसमातही बफेलोला अंतिम फेऱ्या गाठता आल्या नाहीत, आणि ग्रानाटो यांना २०२४ साली पद सोडावे लागले.

शिवाय वाट पाहूनही न उमललेल्यांची नावे कोणी लिहून ठेवीत नाही. १९९३ च्या निवडीत ऑटावा संघाने पहिल्या क्रमांकावर घेतलेल्या आलेक्सांद्र देग याचे नाव राहिले ते अपेक्षाभंगाचे प्रतीक म्हणून. त्याला एकही सामना खेळण्यापूर्वी पाच वर्षांसाठी सव्वा कोटी डॉलरच्या आसपास रक्कम कबूल करण्यात आली होती. पहिल्या वर्षी त्याने ५१ गुण मिळविले. नवोदिताच्या मानाने ते वाईट नव्हते. पण कराराने जी अपेक्षा निर्माण केली होती तिच्यापुढे ते थिटे पडले. १९९५ च्या करारात नवोदितांच्या वेतनावर मर्यादा आली, त्यामागे या व्यवहाराचा मोठा वाटा मानला जातो.

या तिन्ही उदाहरणांतून हाती लागते ते फार मोठे सूत्र नव्हे. परंतु काही उपयुक्त प्रश्न मिळतात. हा तरुण दुबळा आहे की केवळ अपुऱ्या वयाचा? त्याला पुरेसा वेळ खेळविले जात आहे काय, आणि तो वेळ त्याच्या गुणांना साजेशा कामात जातो काय? तो ज्या जागी उभा आहे ती त्याची जागा आहे, की संघात तेवढीच रिकामी होती म्हणून त्याला दिलेली आहे? दुय्यम लीगमध्ये पाठविताना त्याला शिकण्यासाठी पाठविले जाते, की नजरेआड करण्यासाठी? आणि ही गोष्ट त्याला समजावून सांगितली आहे काय?

आकड्यांची कोष्टके खेळाडूने काय केले ते सांगतात. त्याला काय करू दिले गेले, हे त्यांत येत नाही. या दोहोंतील अंतर मोजणे हेच प्रशिक्षकाचे खरे काम होय. ते झाले नाही, तर अठराव्या वर्षी घर सोडून आलेला मुलगा विशी-बाविशीत परत घरी जातो, आणि त्याच्यात काय होते हे त्यालाही कधी कळत नाही.