लस दिली, तरी कोंबडी का मरते?

परभणी जिल्ह्यात आपले अनेक बांधव कोंबडीच्या धंद्यात आहेत. कोणाचे शेड आहे, कोणाचे मुर्गीचे दुकान, तर कोणी खाद्य विकतो. त्यांच्याकडून एक तक्रार आम्ही वारंवार ऐकतो : लस वेळेवर दिली, तरी मानमोडी (रानीखेत) आलीच. दोष लसीला किंवा ती देणाऱ्याला दिला जातो. आमचे म्हणणे असे की, आधी मक्याचे पोते उघडून पाहावे.

ब्रॉयलरच्या खर्चात रुपयातले 65 ते 70 पैसे खाद्याचे असतात, आणि त्यात निम्म्याच्या आसपास मका. खरिपाचा मका पुरता न वाळवता पोत्यात भरला की त्यावर बुरशी चढते व अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. कारण निघाले ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत, आणि तेव्हाच हे विष प्रथम ओळखले गेले. आपल्याकडेही भुईमुगाची पेंड स्वस्त मिळाली की लोक डोळे झाकून घेतात!

विष जास्त असेल तर पक्षी मरतो, ते निदान दिसते तरी. थोडे असेल तर पक्षी जगतो, पण यकृत फिके व पिवळट पडते, वजन भरत नाही आणि रोगाशी लढण्याची ताकद घटते. अशा पक्ष्याला दिलेली लस अंगी लागत नाही. लसीचे पैसे गेले, खाद्याचेही गेले. मग घाईने प्रतिजैविके पाजली जातात. मानमोडी हा विषाणूचा रोग, त्यावर त्यांचा इलाज चालत नाही. त्यातले कोलिस्टिन तर 2019 पासून पशुपक्ष्यांसाठी बंदच आहे.

मका दाताखाली कडक वाजला पाहिजे. ओल 12 टक्क्यांच्या वर नको. पोती जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून दूर ठेवावीत. बुरशी आलेला माल भाजून उपयोग नाही, साध्या उष्णतेने हे विष जात नाही. भारतीय मानकानुसार एक टन खाद्यात त्याची मर्यादा अवघी 20 मिलिग्रॅम आहे, म्हणजे डोळ्यांना काहीच न दिसतासुद्धा माल खराब असू शकतो. शंका आली तर तपासणी करावी. परभणीतच 1972 पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथील तज्ज्ञांना विचारण्यात संकोच कसला?

घरचे सोयाबीन आहे म्हणून कच्चे भरडून घालणारेही आम्ही पाहिले आहेत. कच्च्या सोयाबीनमधील घटक प्रथिने पचू देत नाहीत. ते नीट भाजलेले किंवा तेल काढलेली पेंडच हवी.

बर्ड फ्लूची गोष्ट मात्र वेगळी, तेथे चांगले खाद्यही वाचवत नाही. जानेवारी 2021 मध्ये आपल्या मुरुंबा गावात सुमारे आठशे कोंबड्या मेल्या आणि परिसरातील निरोगी दिसणाऱ्या कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. अशा वेळी मेलेला माल लपवून दुकानात पाठवण्याचा मोह होतो. मुरदार तर हरामच, पण व्यवहारानेही हे नुकसानीचे आहे : सरकारी भरपाई मारून नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. एकाएकी मर वाढली तर त्याच दिवशी पशुधन अधिकाऱ्याला कळवावे आणि शेडमधला एकही पक्षी बाहेर काढू नये.